रुग्णाच्या हाताला काम : दीर्घकालीन उपचारांत हस्तकलेचे स्थान

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या आकड्यांबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाचा परिचय करून द्यावा, असा आमचा प्रघात आहे. या वेळी निवडलेला विषय प्रथमदर्शनी वैद्यकीय वाटणार नाही. आंतररुग्ण विभागाच्या व्हरांड्यात दुपारी तीन वाजता एक लाकडी पेटी उघडली जाते. तीत लोकरीचे गुंडे, जुन्या सुती साड्यांचे तुकडे, जाड सुया, शाडूची माती, मणी आणि सुताच्या बॉबिनी असतात. रुग्णालय पाहण्यास आलेल्या काही देणगीदारांनी ही पेटी पाहून आम्हांस विचारले, की हा वेळ घालविण्याचा प्रकार आहे की उपचाराचा? उपचाराचा असेल तर त्यास डॉक्टरांची चिठ्ठी लागते काय? आणि वेळ घालविण्याचा असेल तर त्यावर न्यासाचा पैसा का खर्च व्हावा? प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे एका वाक्यात देता येत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ज्यांच्यासाठी ही पेटी आहे त्यांच्याविषयी. बहुतेक रुग्ण आमच्याकडे तीन-चार दिवस राहतात व घरी जातात. त्यांना पेटीची गरज नाही. परंतु पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले, मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेले, भाजल्यामुळे आठवडेच्या आठवडे मलमपट्टी करून घेणारे, तसेच आठवड्यातून दोनतीनदा चार-चार तास डायलिसिससाठी येणारे रुग्ण निराळे. सकाळची डॉक्टरांची फेरी आटोपली की संध्याकाळच्या भेटीच्या वेळेपर्यंत त्यांच्यापुढे छताकडे पाहत राहण्यापलीकडे काही नसते. त्यांना जेवण भरविले जाते, त्यांचे अंग पुसले जाते, कूस बदलली जाते, सुई टोचली जाते. दिवसभरात त्यांनी स्वतः केले असे काहीच घडत नाही. अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात व सांधे आखडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आपण कोणाच्याही उपयोगाचे उरलो नाही, ही भावना मात्र तपासणीच्या कोणत्याही कागदावर उमटत नाही. आणि ती बळावली की रुग्ण व्यायामालाही नकार देऊ लागतो.

काम हेही औषध होऊ शकते, हा विचार नवा नाही. इंग्लंडमधील यॉर्क शहरी क्वेकर पंथीय विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली मनोरुग्णांसाठी एक निवासस्थान काढले. ज्या काळी अशा रुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवीत, त्या काळी तेथे त्यांना बागेत व घरकामात गुंतविले जाई. पुढे क्षयरोगाच्या आरोग्यधामांनी हा विचार उचलला. १९०५ च्या सुमारास इंग्लंडमधील फ्रिमली येथे डॉ. मार्कस पॅटरसन यांनी श्रमाची मात्रा औषधासारखी मोजून देण्यास आरंभ केला. रुग्णाने आधी चालावे, मग हलकी टोपली वाहावी, मग फावडे धरावे. ताप वाढला की पुन्हा अंथरुण. म्हणजे किती काम द्यावे हे थर्मामीटरने ठरत असे. १९१८ मध्ये पॅपवर्थ येथे सर पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी क्षयरोग्यांची वसाहतच वसविली आणि तेथे सुतारकाम व तत्सम उद्योग चालविले.

पहिल्या महायुद्धाने या शास्त्राला गती दिली. १९१७ मध्ये अमेरिकेत या उपचारपद्धतीची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत जायबंदी हिंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरीज् टेक्निकल संस्था निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीस गेली. हात किंवा पाय गमावलेल्या जवानाला निवृत्तिवेतनाबरोबरच कसबही द्यावे, हा तिचा हेतू होता.

मात्र रुग्णालयाच्या चार भिंतींत, डॉक्टर व परिचारिका यांच्या जोडीने हे काम शास्त्रशुद्ध रीतीने करण्याचा पाया आपल्या देशात घातला तो एका अमेरिकन-मराठी स्त्रीने. एलिझाबेथ लंडी या अमेरिकेतील क्वेकर घराण्यातल्या. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या कमलाबाई निंबकर झाल्या व मुंबईत स्थायिक झाल्या. या विषयाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. देशातील ते पहिले. १९५२ मध्ये या क्षेत्रातील अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटण येथे त्यांच्या नावाची शाळा आहे. पण त्या नावामागचे हे कार्य सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

'व्यवसायोपचार' या शब्दाने थोडा घोटाळा होतो, तो येथेच दूर करणे बरे. येथील व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस ज्या ज्या कृतीत स्वतःला गुंतवतो ती कृती, एवढाच त्याचा अर्थ. सदऱ्याची गुंडी लावणे, भाकरी थापणे, सही करणे, माग चालविणे, हे सर्व त्यात येते. हस्तकला हे त्यातील एक साधन. एके काळी ते इतके मुख्य होते, की टोपल्या विणायला लावणारे लोक अशी या तज्ज्ञांची थट्टा होत असे. त्या थट्टेला कंटाळून पुढच्या पिढीने टोपल्या बाजूला ठेवल्या व यंत्रांकडे, मोजपट्ट्यांकडे वळली. आणखीही एक कारण घडले. १९५९ मध्ये मद्रास येथील संशोधनाने असे दाखवून दिले, की योग्य औषधे नियमित घेतली तर क्षयरोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. ही वैद्यकातील फार मोठी सुवार्ता होती. आरोग्यधामांतील खाटा हळूहळू रिकाम्या झाल्या व त्यांबरोबर तेथील कलाकक्षही. आम्हांस त्याचा खेद नाही; रुग्ण घरी राहून बरा होत असेल तर त्याने माती मळण्यासाठी रुग्णालयात यावे असे कोण म्हणेल? प्रश्न उरतो तो ज्यांना घरी जाता येत नाही त्यांचा.

या बाबतीत सर्वांत मोलाचे धडे कुष्ठसेवेने दिले आहेत. डॉ. पॉल ब्रँड हे मूळचे इमारतकामाचे शिक्षण घेतलेले, नंतर शल्यविशारद झालेले. वेल्लोर येथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कुष्ठरोगाने वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करण्यास प्रारंभ केला. बोटे सरळ झाली. पण असा हात घेऊन गावी गेलेल्या रुग्णाला कोणी काम देईना. तेव्हा त्यांनी रुग्णांची एक छोटी वसाहत काढून सुतारकामाची व खेळणी बनविण्याची कार्यशाळा उभी केली. तेथे ते रुग्णांचे हात रोज न्याहाळू लागले. जखमा होत होत्या, पण त्या रोगाने सडून नव्हे, तर वेदना कळत नसल्यामुळे. हातोड्याच्या दांड्याची कुसळे, गरम भांडे, वाजवीपेक्षा जोराने पिळलेली किल्ली, अशी एकेका जखमेमागची कारणे उलगडत गेली. अवजारांच्या मुठी बदलल्या आणि दर दिवशी डोळ्यांनी हात तपासण्याची सवय रुग्णांना लावली, तशा जखमा कमी झाल्या. कुष्ठरोगाने बोटे झडतात या शतकानुशतकांच्या समजुतीचा उलगडा एवढ्या साध्या निरीक्षणातून झाला, आणि त्यात सुतारशाळेचा वाटा मोठा होता.

महाराष्ट्रात वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी, आणि वरोड्यात बाबा आमटे यांनी हेच सूत्र निराळ्या अंगाने मांडले. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. १९५१ मध्ये विनोबांच्या उपस्थितीत आनंदवनाचा प्रारंभ झाला. दान घेणारा हात कष्ट करणारा हात व्हावा, अशी बाबांची भूमिका होती. आज आनंदवनाच्या सतरंज्या, हातमागाचे कापड व भेटकार्डे लोक आवडीने घेतात. परंतु आरंभीच्या वर्षांत तेथील भाजीलाही गिऱ्हाईक मिळत नव्हते. परदेशांतून स्वयंसेवक येऊन रुग्णांबरोबर राबले, जेवले, तेव्हा कोठे गावकऱ्यांची भीड चेपली. रुग्णाने तयार केलेली वस्तू विकत घेतली जाणे किंवा न जाणे हा केवळ पैशाचा प्रश्न नसतो, हे यावरून ध्यानी येईल.

आता आपल्या गावाकडे वळू. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्या गेल्या, हातमाग विरळ झाले, तरी यंत्रमाग व विडी यांवर आजही असंख्य घरे चालतात. आमच्या खाटांवर येणारे बरेच हात या दोहोंपैकी एका कामात घडलेले असतात. इतर शहरांत रुग्णाला कला शिकवावी लागते. येथे रुग्णच परिचारिकांना शिकवतो. पक्षाघाताने उजवा हात गेलेले एक वयोवृद्ध विणकर मातीचा गोळा पाहून रागावले होते. पोरखेळ नको म्हणाले. त्यांच्यापुढे सूत व रिकामी बॉबिन ठेवली. डाव्या हाताने सूत गुंडाळायचे आणि लुळ्या हाताने बॉबिन केवळ दाबून धरायची, एवढेच काम. पहिल्या दिवशी ती चार वेळा निसटली. त्यांनी पाचव्यांदा धरली. आम्ही सांगितले म्हणून नव्हे, तर बॉबिन अर्धवट सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते म्हणून. फिजिओथेरपीच्या वेळी दहा वेळा मूठ मिटा म्हटले की तेच गृहस्थ पाचव्या वेळी थकत असत.

यावरून विणकराला सूत द्यावे असा नियम कोणी काढील, तर तो चुकेल. गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या फुप्फुसांत ती धूळ मुरलेली असते. साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जड होणे, ही या विकाराची जुनी खूण. अशा रुग्णाच्या नाकाशी पुन्हा सूत, लोकर किंवा जुन्या वाकळेचा कापूस आणणे हा उपचार नव्हे, अपकार होय. त्याला ओली माती द्यावी, मणी द्यावेत. तसेच विड्या वळण्यात चाळीस वर्षे घालविलेल्या एका बाईंनी पेटीतील काहीही हाती घेण्यास नकार दिला. हातांनी पुष्कळ केले, आता त्यांना सुटी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही ते मान्य केले. त्या रोज व्हरांड्यात येऊन बसत आणि इतरांचे टाके कोठे चुकले ते मोठ्याने सांगत. हाही सहभागच म्हणावयाचा.

डॉक्टरांची चिठ्ठी लागते काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याची कारणे बारकाव्यांत आहेत. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून औषध दिलेले असते. त्यामुळे सुईचा साधा टोचाही वाहत राहू शकतो. शिवाय ज्या हातात नळ्या असतात तो हलविता येत नाही. म्हणून तेथे एका हाताने ओवता येतील असे मोठे मणी देतात. भाजून नुकत्याच भरलेल्या त्वचेला खरखरीत लोकर सोसत नाही. मऊ सुती कापड व ओली माती चालते, आणि मातीत बोटे रुतवून पसरल्याने आखडू पाहणारी त्वचा ताणली जाते. मधुमेहाने बोटांची जाणीव बोथट झाली असेल, तर काम संपल्यावर परिचारिका दोन्ही तळवे उजेडात पाहतात. वेल्लोरचा धडा येथे कामी येतो. मेंदूच्या काही आघातांत रुग्णाला एका बाजूचे भानच राहत नाही. ताटातले अर्धेच अन्न तो खातो. त्याची सामग्री मुद्दाम त्या दुर्लक्षित बाजूस ठेवावी लागते, म्हणजे मान व नजर तिकडे वळते. मज्जारज्जूच्या रुग्णाची गोष्ट उलटी. तो कामात गढला की अंग उचलायला विसरतो, आणि एकाच जागी दाब पडून पाठीला व्रण होतात. म्हणून त्याच्या शेजारी बसलेल्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी आठवण करून द्यावयाची. विरंगुळाही बेसावधपणे दिला तर इजा करतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

पेटी व्हरांड्यात का, असेही विचारले जाते. क्षय वस्तूंना लागून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. लोकरीच्या गुंड्यापेक्षा बंद खोलीत एकत्र बसणे अधिक धोक्याचे. मोकळा व्हरांडा त्याकरिता. संसर्गाची शंका असलेल्या रुग्णाचे साहित्य त्याच्या खाटेपाशीच पोहोचते केले जाते.

गतवर्षी एका हितचिंतक उद्योजकांनी एक प्रस्ताव ठेवला. टॉवेलांच्या घड्या घालणे, चादरींच्या दशांना गाठी मारणे, अशी हलकी कामे त्यांनी रुग्णांना नगावर द्यावीत, त्याची मजुरी रुग्णांना व अल्पसा वाटा रुग्णालयाला मिळावा, असा तो होता. हेतू निर्मळ होता, आणि औषधाच्या खर्चाने वाकलेल्या कुटुंबाला चार पैसे मिळाले असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. विश्वस्तांत यावर दोन मते झाली. अखेरीस प्रस्ताव साभार परत केला. कारण असे, की उपचारात रुग्णाला एखादी कृती सहज जमू लागली की ती काढून घेऊन त्याहून थोडी अवघड द्यावयाची असते. गाठ जमली, आता बारीक गाठ; उजवा हात जमला, आता डावा. नगावरच्या कामात नेमके उलटे होते. जे झपाट्याने जमते तेच पुन्हा पुन्हा करणे त्यात किफायतशीर, आणि माल वेळेवर द्यावयाचा असेल तर ताप असलेल्या माणसालाही उठवावेसे वाटते. पॅटरसन यांचा थर्मामीटर मग मागणीच्या वहीला शरण जातो.

कायद्यानेही या बाजूस लक्ष दिले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेतील रुग्णावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि त्याने काम केले तर योग्य मोबदला द्यावा लागतो. तो कायदा मनोरुग्णांसाठी असला तरी हाच दंडक आम्ही सर्व रुग्णांना लावला आहे. केलेली वस्तू रुग्णाची. त्याने ती घरी न्यावी, कोणाला द्यावी किंवा मोडून पुन्हा करावी. विकावीशी वाटली तर पूर्ण रक्कम त्याची. गड्डा यात्रेत रुग्णांच्या वस्तूंचा गाळा मांडावा, ही सूचनाही त्यामुळेच आम्ही बाजूस ठेवली. कीव येऊन घेतलेली वाकडी पिशवी घरी गेल्यावर कपाटात पडते, आणि ज्याने ती शिवली त्यालाही हे कळते. आनंदवनाची सतरंजी विकली जाते ती चांगली विणलेली असते म्हणून. तेथे वर्षानुवर्षे राहून कसब कमावलेले कारागीर आहेत. दोन महिने खाटेवर काढून घरी जाणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

या पेटीने कोणाचा क्षय बरा झाला किंवा तुटलेला मज्जारज्जू जुळला, असे आम्ही म्हणत नाही. औषध, शस्त्रक्रिया व व्यायाम यांची जागा ती घेत नाही. उणिवाही आहेत. पूर्णवेळ व्यवसायोपचारतज्ज्ञ आमच्याकडे अद्याप नाहीत. ठराविक दिवशी येणाऱ्या तज्ज्ञ प्रत्येक रुग्णासाठी काम ठरवून देतात व पुढे परिचारिका ते पाळतात. ज्या दिवशी विभागात गर्दी असते, त्या दिवशी पेटी उघडत नाही. पुरुष रुग्णांचा सुरुवातीचा संकोच हीदेखील नित्याची अडचण. सुईदोरा हे बायकांचे काम म्हणणाऱ्यांना आम्ही या गावात शिंपी व विणकर बहुतांशी पुरुषच आहेत याची आठवण देतो. कधी उपयोग होतो, कधी होत नाही.

पेटीसाठी रोख देणगीपेक्षा साहित्य अधिक उपयोगी पडते. धुतलेल्या जुन्या सुती साड्या, जाड बोथट सुया, मोठ्या भोकाचे लाकडी मणी व रिकाम्या बॉबिनी आम्ही कृतज्ञतापूर्वक स्वीकारतो. नायलॉनचे कापड, काचेचे मणी व टोकदार कात्र्या कृपया देऊ नयेत. सुया व कात्र्या दररोज मोजून दिल्या व मोजून परत घेतल्या जातात, त्यामुळे संख्या लिहून दिल्यास सोय होईल. ज्यांना एखादे कसब येते व आठवड्यातून एक दुपार देता येईल, त्यांनी परिचारिकाप्रमुखांस भेटावे. प्रथम दोन दुपारी नुसते बसून पाहावे लागेल. पेटी तीन वाजता उघडते व चार वाजता, चहा येण्यापूर्वी, बंद होते.